सावलीतलं तवकीर

जबलपूरच्या सदरमधून, आमच्या घराच्या मागच्या अंगणातून बोलते आहे. आषाढ लागून आठ दिवस झाले. रात्रभर पाऊस होता, म्हणून अधूनमधून आंब्यावरून थेंब गळल्याचा आवाज येईल, तेवढा सांभाळून घ्या.

आज मला जे दाखवायचं आहे ते माझ्या पायाशीच आहे. आंब्याच्या बुंध्यापासून चार हात लांब, कुजलेल्या पानांतून हा जो वीतभर दांडा वर आलाय, तो नीट बघा. खाली हिरव्या वाट्या एकीवर एक रचल्यासारख्या दिसतात. प्रत्येक वाटीतून एक लहानसं पिवळं फूल डोकावतंय. आणि शेंड्याला हा गुलाबी-जांभळा तुरा आहे. लांबून पाहणाऱ्याला तो तुराच फूल वाटतो, पण ती रंगीत पानं आहेत, खरं फूल खाली लपलेलं. पानांचा पसारा अजून नीट आलेला नाही. आधी फूल, मग पानं, अशी याची तऱ्हा.

इकडे याला तीखुर म्हणतात. याच्या कंदापासून जे पांढरं शुभ्र सत्त्व निघतं, त्याला आपण मराठीत तवकीर म्हणतो. हो, तेच, उपासाच्या वड्यांचं. तीन दिवसांवर आषाढी एकादशी आहे, म्हणून म्हटलं आज याचीच गोष्ट सांगू.

माझी आजी १९४८ साली नागपूरच्या महालातून लग्न होऊन या घरात आली. ती उपासाला तवकिराची खीर करायची. मी शाळेत हिंदी बोलणारी, घरात मराठी ऐकणारी मुलगी. आमच्या शेजारचे एक आजोबा तपकीर ओढायचे. मला कितीतरी वर्षं वाटायचं, की आजी खिरीत तीच घालते. मी खिरीला तोंड लावायची नाही. शेवटी आजीने डबा उघडून माझ्या तळहातावर चिमूटभर ठेवलं आणि म्हणाली, "शिंक आली तर सांग." शिंक आली नाही, आणि खीर मात्र त्या दिवसापासून सुरू झाली.

आजीला हे तवकीर कुठून मिळायचं? नागपूरहून मागवत असेल असं मला वाटे. खरं तर ते मंडल्याकडून यायचं. डोक्यावर टोपल्या घेऊन येणाऱ्या गोंड बायकांकडून ती ते घ्यायची. त्या म्हणायच्या तीखुर, ही म्हणायची तवकीर, आणि सौदा व्हायचा. सदर म्हणजे छावणीचा बाजार, इथे नाना भाषांचे सौदे होतातच. शिवाय नागपूर आणि जबलपूर एकमेकांना परके नव्हते. १७९८ ते १८१७ हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे होता. पुढे इंग्रजांनी १८६१ मध्ये मध्य प्रांत केला, त्याची राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत दोन्ही शहरं एकाच राज्यात होती. तेव्हा नागपूरची मुलगी जबलपूरला देणं म्हणजे पुण्याची कोल्हापूरला दिल्यासारखं.

आता वनस्पतीची ओळख करून घेऊ. शास्त्रीय नाव कुर्कुमा अँगुस्टिफोलिया. कुर्कुमा म्हणजे हळदीचं कूळ, अँगुस्टिफोलिया म्हणजे अरुंद पानांची. विल्यम रॉक्सबर्ग या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८१० मध्ये तिचं वर्णन छापलं. म्हणजे ही आपल्या हळदीची, आंबेहळदीची, कचोऱ्याची रानातली बहीण. इंग्रज व्यापारी हिला पूर्वेकडचा आरारोट म्हणत, कारण वेस्ट इंडिजकडून येणारा खरा आरारोट वेगळ्याच झाडाचा, मरांटा नावाच्या. आपल्याकडे महाबळेश्वरच्या पठारावर चवर नावाची आणखी एक हळदीची बहीण आहे, तिच्याही कंदातून असंच पीठ काढत. म्हणून बाजारात तवकीर हा शब्द एका झाडाला बांधलेला राहिलेला नाही, हे लक्षात ठेवा.

तिखुराचं घर म्हणजे मध्य भारतातलं सालाचं जंगल. मंडला, दिंडोरी, बालाघाट, आणि पुढे छत्तीसगडात बस्तरपर्यंत. उंच झाडांखाली, पालापाचोळ्यात, गाळीव उन्हात तो वाढतो. गाळीव ऊन म्हणजे चाळणीतून पडावं तसं, पानापानांतून आलेलं. मी हे आज मोठ्या शहाणपणाने सांगते आहे, पण हे शिकायला मला दोन वर्षं लागली आणि बारा गड्डे मेले.

मी २०१४ मध्ये नोकरीतून निवृत्त झाले. आजी जाऊन खूप वर्षं झाली होती. आईचं वय झालं होतं, तिला आजीच्या हातच्या खिरीची आठवण येई. मी बाजारातून तवकिराची पाकिटं आणायची. आई एक चमचा खायची आणि वाटी बाजूला सारायची. "हे ते नाही गं." मला वाटायचं, म्हातारपणी जिभेची चव जाते. एकदा पाकिटामागचा बारीक मजकूर भिंग लावून वाचला, तर मक्याचं पीठ. आईची जीभ खरी होती, चूक माझी होती.

मग मी मंडला रस्त्यावरच्या एका आठवडी बाजारात कंद शोधायला गेले. तिथे एक गोंड बाई भेटली. वयाने माझ्याएवढीच असेल. मी तिला बाई म्हणते, ती मला दीदी म्हणते. तिने मला बारा गड्डे असेच देऊन टाकले, पैसे घेतले नाहीत. तिला वाटलं असेल, शहरातली बाई, हौस आहे, जगवणार थोडीच.

तिचा अंदाज बरोबर निघाला. मी ते गच्चीवर कुंड्यांत लावले, भरपूर ऊन मिळावं म्हणून. जुलैत पानं आली, ऑगस्टच्या उघडिपीत कडा करपल्या. उरलेली पानं नोव्हेंबरात पिवळी पडली, तेव्हा मी घाबरून रोज पाणी घालायला लागले. जानेवारीत माती उकरली, तर आत सगळं मऊ, कुजलेलं, वास मारणारं.

पुढच्या हिवाळ्यात मी परत त्या बाजारात गेले आणि तिला सगळं सांगितलं. ती हसली. म्हणाली, "दीदी, वो मरा नहीं था, सोया था. तुमने पानी डाल-डालके मारा." झोपलेल्याला पाणी पाजून मारलं! हिवाळ्यात पानं वाळणं हा या झाडाचा आजार नाही, ती त्याची झोप आहे. पहिल्या पावसापर्यंत त्याला हात लावायचा नाही. या वेळी तिने गड्ड्यांचे पैसे घेतले. पूर्ण घेतले. मला ते बरं वाटलं, म्हणजे आता ती मला गिऱ्हाईक समजायला लागली होती.

आता लागवड कशी करायची ते सांगते. ज्यांच्याकडे वही आहे त्यांनी लिहून घ्या.

जागा झाडाखालची निवडा. आंबा, चिकू, पेरू, शेवगा, काहीही चालेल. सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारची सावली मिळाली तर उत्तम. पण अगदी अंधारी जागाही नको. तिथे पानं हिरवीगार दिसतात आणि खाली कंद धरत नाहीत. पानाला सावली हवी, पण कंद भरायला उजेडही हवाच. माती भुसभुशीत असू द्या. आमच्या जबलपूरची काळी माती चिकट, म्हणून मी तिच्यात वाळू आणि कुजलेल्या पानांचं खत सारखं-सारखं मिसळलं आणि वाफा वीतभर उंच केला. पाणी साचलं की खेळ संपला.

लावायचा तुकडा असा घ्या की त्याला निदान एक डोळा असेल. डोळा म्हणजे कोंब फुटण्याची जागा, आल्याला, हळदीला असते तशी. मे अखेर किंवा जूनच्या सुरुवातीला, चार बोटं खोल, डोळा वर करून, एकेक फुटावर लावायचा. वर वाळलेल्या पानांचं पांघरूण घालायचं. पावसाळ्यात वेगळं पाणी नको, मोठी उघडीप पडली तर मात्र द्या. रासायनिक खत मी घालत नाही, आंब्याची पानंच पुरतात. ऑक्टोबरनंतर पाणी बंद. डिसेंबर-जानेवारीत पानं पूर्ण वाळली की काढणी. कुंडीत लावायचं असेल तर रुंद कुंडी घ्या, आणि ती पूर्वेच्या गॅलरीत ठेवा. गच्चीवर नको, माझी शपथ आहे.

दुसऱ्या लागवडीला यश आलं. तीन पावसाळे मी ते वाढू दिलं, काढलं नाही. २०१८च्या हिवाळ्यात आई आजारी पडली. अन्न जाईना. डॉक्टरांनी हलकं, पातळ काहीतरी द्या म्हणून सांगितलं. मी वाफा खणला. साधारण नऊ किलो कंद निघाले. मला इतका आनंद झाला, की मी सगळेच्या सगळे किसले. गड्डे, बोटं, डोळे, सगळं. एक तुकडाही मातीत ठेवला नाही. किलोला थोडं कमी तवकीर निघालं. त्याची खीर आईला दिली. तिने पहिला चमचा घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "हं. हे ते." त्या महिन्यात तिने जवळजवळ रोज अर्धी वाटी घेतली. फेब्रुवारीत ती गेली.

जून आला. पाऊस पडला. मी सवयीने आंब्याखाली जाऊन उभी राहिले. अंगणात काहीच उगवलं नाही. उगवणार कसं? मी मागे काही ठेवलंच नव्हतं. त्या दिवशी मला आईसाठी रडू आलं, आणि वाफ्यासाठीही आलं. दोन्ही एकातच मिसळून गेलं.

तिसऱ्यांदा त्या बाईकडे गेले तेव्हा तिने मला बाजारातच जमिनीवर बसवून कंद कसा बघायचा ते शिकवलं. हा मधला गड्डा, याच्यावर डोळे आहेत. आणि या मुळांच्या टोकाला लोंबणाऱ्या पांढरट लांबट गाठी, यांच्यात पीठ असतं पण डोळा नसतो. त्या पेरल्या तरी उगवत नाहीत. म्हणजे बिनडोळ्याचं निर्धास्त खा, आणि डोळे असलेल्यातलं मोजून घ्या, बाकी परत मातीत द्या. मी पीठ खाल्लं त्याबरोबर पुढची सगळी वर्षंही खाल्ली होती.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली. तिच्या लहानपणी अर्ध्या दिवसात टोपली भरायची, आता दिवसभर चालावं लागतं. पूर्वी पानं वाळल्यावर खणायचे, आता कोणी दुसरा आधी नेईल म्हणून हिरव्या पानांतच खणतात. तेव्हा कंद भरलेला नसतो, पीठ कमी निघतं, म्हणून आणखी जास्त खणावं लागतं. शहरात मी जे केलं तेच जंगलात होतंय. फरक एवढाच, की मी हौसेने आणि मायेने केलं, तिथे पोटासाठी होतं. जंगलातलं गौण वनोपज गोळा करण्याचा हक्क २००६च्या वनहक्क कायद्याने तिथल्या लोकांना दिलेला आहे, आणि तो त्यांचाच राहिला पाहिजे. तुम्ही-आम्ही सहलीला जाऊन रानातून एकही गड्डा उपटायचा नाही. कान्हासारख्या राष्ट्रीय उद्यानात तर तो गुन्हाच आहे. लागवडीसाठी कंद हवा असेल तर विकत घ्या, तोही कोणी लावून वाढवलेला. आमच्या जबलपुरात जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय आहे, मंडला रस्त्यावर उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था आहे. तुमच्या भागातही कृषी विद्यापीठ किंवा वनविभागाची रोपवाटिका असेल, तिथे चौकशी करा. आणखी एक, रानहळदीच्या पुष्कळ जाती एकमेकींसारख्या दिसतात. ओळख पटल्याशिवाय कुठलाही कंद खाऊ नका.

आता तवकीर काढायची रीत. कंद धुवा, वरची साल खरवडा, बारीक किसा किंवा वाटा. भरपूर पाण्यात कालवून पातळ फडक्यातून गाळा. चोथा पुन्हा पाण्यात धुऊन पुन्हा गाळा. ते पाणी रात्रभर स्थिर ठेवा. सकाळी वर पिवळसर, कडू पाणी असतं, खाली पांढरा थर बसलेला असतो. वरचं पाणी हलक्या हाताने ओतून टाका, नवं घाला, ढवळा, पुन्हा ठेवा. असं चार-पाच वेळा करायचं, वरचं पाणी नितळ होईपर्यंत आणि कडूपणा जाईपर्यंत. इथे घाई केली तर खीर कडू होते. मग थर ताटात पसरून कडक उन्हात वाळवा. बघा, झाड सावलीचं, पण पीठ उन्हाचं. दहा किलो कंदाला माझ्याकडे किलोच्या आसपास तवकीर पडतं. म्हणून खरं तवकीर स्वस्त नसतं. फार स्वस्त मिळालं तर शंका घ्या. घरी आयोडीनचा थेंब टाकून काही कळत नाही, कारण मका, बटाटा, तवकीर, सगळीच पिष्टं निळी होतात. फरक कळतो तो सूक्ष्मदर्शकाखाली, कणांच्या आकारावरून.

खिरीचं प्रमाण: एक कप दुधाला दोन चहाचे चमचे तवकीर. आधी थंड दुधात कालवा, मग उकळत्या दुधात धार धरून ओता आणि ढवळत राहा. दोन मिनिटांत घट्ट होतं. वडीसाठी एक वाटी तवकीर, तीन वाट्या पाणी, दीड वाटी साखर. मंद आचेवर, हात न थांबवता, मिश्रण काचेसारखं पारदर्शक होईपर्यंत घोटा. मग चमचाभर तूप, वेलदोडा, आणि तूप लावलेल्या ताटात थापा. बस्तरकडे उन्हाळ्यात याचं सरबत करतात. आपल्याकडे कोकमाला जो मान, तो तिकडे याला.

एक इशारा देते. तवकीर पचायला हलकं आहे, पण ते औषध नाही. ते मुख्यतः पिष्ट आहे, तेव्हा मधुमेह असलेल्यांनी जपून घ्या. लहान मुलाला जुलाब लागले तर आधी साखर-मिठाचं पाणी आणि डॉक्टर, खीर नंतर.

आज माझ्या वाफ्यात किती दांडे आहेत ते सकाळीच मोजले. एकेचाळीस. नियम आता साधा आहे. काढणीच्या दिवशी दोन टोपल्या घेऊन बसायचं. डोळ्याची टोपली आधी भरायची, किसणीची नंतर. सदरमधल्या सहा घरांत आंब्याखाली, चिंचेखाली माझे गड्डे गेलेत. मागच्या वर्षी मी त्या बाईलाही एक पिशवीभर नेऊन दिले, तिच्या घरामागे मोहाखाली लावायला. तिने उलटसुलट करून बघितले, डोळे तपासले, आणि म्हणाली, "अब सीख गई दीदी."

तुमच्या घराजवळ, सोसायटीत, शाळेच्या आवारात कुठेतरी एखादं मोठं झाड असेल. त्याच्याखाली काही उगवत नाही म्हणून आपण तिथे फरशी घालतो, नाहीतर गाडी लावतो. यंदा तिथे तीन-चार गड्डे लावून बघा. तीन पावसाळे थांबावं लागेल. आणि काढाल तेव्हा डोळे मोजा.

माझ्या परवाच्या खिरीपुरतं तवकीर डब्यात आहे. आषाढीच्या शुभेच्छा. नमस्कार.